फॉर्मॅट न करणारे मास्तर

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर यायच्या आधी दोन गोष्टी आणल्या गेल्या. एक एसी आणि दुसरी मी. एसी पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला, मी मात्र टिकले. धारवाडच्या सप्तापुरातलं हे कॉलेज तसं जुनं. मी बी.एस्सी. झालेली, वर सहा महिन्यांचा एक कोर्स केलेला, वय चोवीस. एवढ्या भांडवलावर मला 'कॉम्प्युटर विभागप्रमुख' करण्यात आलं. विभागात मी एकटीच असल्यानं प्रमुख होणं फारसं अवघड गेलं नाही. मशीनं तीन होती. एक प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये, एक ऑफिसात आणि एक लायब्ररीत. तिन्ही वायरनं एकमेकांना जोडलेली. केबिनमधलं सगळ्यांत महाग, म्हणून ते मुख्य मशीन. प्रिन्सिपॉल त्याच्यावर पत्ते खेळत.

मशीन बिघडलं की हुबळीहून मास्तर येत. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. रेल्वेतली नोकरी मुदतीआधीच सोडून त्यांनी कोप्पीकर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा काढला होता. पन्नाशी उलटल्यावर माणसं शेतात चिकू लावतात किंवा देवस्थानाच्या कमिटीत शिरतात. यांनी हे केलं. बोर्डावर नावाखाली लिहिलं होतं, 'येथे फॉर्मॅट करून मिळणार नाही.' हॉटेलवाल्यानं 'येथे चहा मिळणार नाही' असा बोर्ड लावावा, त्यातला प्रकार. धंदा त्या मानानं बरा चालायचा.

ते पहिल्यांदा आले तेव्हा ऑफिसातलं मशीन चालू होताना अडकत होतं. पडद्यावर निळं आकाश आणि पांढरे ढग यायचे, आणि ढग तिथंच राहायचे. मास्तरांच्या एका हातात स्टीलचा डबा होता, दुसऱ्यात भिंग. पेचकस नाही, सीडी नाही, काही नाही.

"हत्यारं कुठायत?" मी विचारलं.

"वाचायला हत्यार कशाला पाहिजे अक्का?" ते म्हणाले आणि चाकं नसलेली खुर्ची मागितली.

वयानं ते माझ्या वडिलांहून मोठे, पण आमच्याकडे बाईमाणसाला अक्का म्हटलं की वय, जात, पगार काहीच विचारावं लागत नाही. खुर्ची आली. मास्तरांनी मशीन चालू करताना एक कळ दाबून त्याला, जे जे करशील ते लिहून ठेव, असं सांगितलं. ही सोय त्या मशीनमध्ये आहे हे विभागप्रमुखांना त्या दिवशी कळलं. मग मशीन बंद करून, ढग यायच्या आधीच्या काळ्या पडद्यावर त्यांनी ती नोंदीची फाईल उघडली. शेकडो ओळी. एका ओळीत 'अमुक चढवायला घेतलं', खालच्या ओळीत 'अमुक चढलं'. मास्तरांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मनातल्या मनात वाचणं त्यांना मान्य नव्हतं. मनात वाचताना माणूस ओळी गाळतो आणि आपण गाळल्या हे त्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. चाळीस मिनिटं तो एकसुरी पाठ चालला होता. आमचा शिपाई दारात चपला काढून, हात जोडून उभा राहिला आणि शेवटी न राहवून त्यानं मला हळूच विचारलं, "पूजा मुगीतेन्री?" पूजा संपली का म्हणून.

मधेच एका ओळीत 'अयशस्वी' अशा अर्थाचा शब्द दिसला आणि मी टाळी वाजवायचीच बाकी होती. "सापडलं," मी म्हटलं.

मास्तरांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. "हे कायमचं आहे अक्का. चांगल्या मशीनमध्येसुद्धा ही चार-पाच नावं रोज नापास होतात, आणि गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही. जो नापास झालो म्हणून सांगतोय त्याचं काही वाकडं नसतं. निघालो म्हणाला आणि पोचलो म्हणून कधी बोललाच नाही, त्याला शोधायचं."

ही त्यांची सगळी विद्या. स्टेशनात बसून पंचवीस-तीस वर्षं त्यांनी एकच वही लिहिली होती. अमुक गाडी अमुक वाजता सुटली, अमुक वाजता पोचली. सुटल्याची नोंद आहे आणि पोचल्याची नाही, म्हणजे गाडी मधे कुठंतरी उभी आहे. एवढ्या ज्ञानावर हा माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो, हे पाहून माझ्या सहा महिन्यांच्या कोर्सला फार वाईट वाटलं. त्या दिवशी न पोचलेली गाडी निघाली एका छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरची. मास्तरांनी ती काढली, डबा उघडला, दहीभात खाल्ला आणि गेले.

स्वभावानं माणूस अतिशय तापदायक. फोन केला की आधी तीन प्रश्न. काय केलंत? शेवटचं काय दिसलं? किती वेळ वाट बघितलीत? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय बस पकडायचे नाहीत. घरीही हाच खाक्या. एकदा त्यांच्या घरी गेले असताना त्यांच्या पत्नी कशावरून तरी चिडल्या होत्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "थांब. शेवटचं बरोबर काय झालं होतं ते सांग, तिथून पुढं बघू." त्या म्हणाल्या, "लग्नाचा आदला दिवस." मास्तरांनी मान डोलावली. त्यांना ती नोंद पटली असावी.

गिऱ्हाईक कायमचं बरं करायचं आणि कायमचं तोडायचं, यात त्यांचा हात कुणी धरला नसता. गोकुळ रोडवर एक पंपाचे भाग बनवणारा कारखानदार होता. त्याचं मशीन महिन्यातून एकदा सुरू होताना अडकायचं आणि दर वेळी कुणीतरी येऊन फॉर्मॅट करून जायचं. मास्तर गेले, वाचत बसले आणि सगळ्या कामगारांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "हे भजन वाजवणारं देवाचं चित्र कुणीतरी घातलंय, त्यानं अडकतंय. फाईलवर तारीख आहे बघा. रविवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. रविवारी कारखाना बंद असतो. किल्ली कुणाकडे असते?" किल्ली मालकाकडे असायची. आदल्या महिन्यात याच बिघाडासाठी मालकानं एका सुपरवायझरची सर्वांदेखत खरडपट्टी काढली होती. मशीन त्यानंतर कधी अडकलं नाही आणि मास्तरांना तिथं कुणी कधी पाणीही विचारलं नाही.

"थोडं बाजूला घेऊन सांगायचं होतं," मी म्हटलं.

"बाजूला घेऊन काय सांगायचं? त्या सुपरवायझरला बाजूला घेऊन बोलले होते काय?"

याला उत्तर नसतं, म्हणून असल्या माणसांचा राग येतो. मला तर फारच यायचा, कारण माझ्यात आणि मास्तरांत कॉम्प्युटर मला येतो असं ठरलेलं होतं.

आता बाईंविषयी सांगायला हवं. बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. मालमड्डीत राहणाऱ्या, निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या. कॉलेजात एके काळी मराठी विषय होता. विद्यार्थी कमी होत होत दोनावर आले आणि त्या दोघांनी आपसांत लग्न केल्यावर विषयच बंद झाला. मागे राहिली मराठी विभागाची खोली आणि तिच्यातली दोन हजारांवर पुस्तकं. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून आलेली. आजोबा वाचायचे, मुलगा चाळायचा, नातू कन्नड आणि इंग्रजीत शिकलेला, म्हणून घर रंगवताना सगळी कॉलेजला देऊन टाकलेली. आता त्या खोलीत कॉम्प्युटर लॅब करायची असं मॅनेजमेंटनं ठरवलं होतं. लॅबची मागणी कुणाची होती हे सांगायलाच हवं असेल तर माझी होती. अर्ज चांगला चार पानी होता.

बाईंनी विरोध केला नाही. त्यांनी सांगलीकडच्या एका वाचनालयाशी पत्रव्यवहार केला. ते म्हणाले, पुस्तकं घेतो, पण यादी पाठवा, आमची कमिटी पुढच्या दिवाळीच्या आत बसते. यादीत असेल तेवढंच टेम्पोत चढेल. लेखक, नाव आणि पुस्तक कुणाकडून आलं, पहिल्या पानावर काय लिहिलंय, हेही हवं. बाईंकडे याची हातानं लिहिलेली कार्डं होती. मी त्यांना म्हटलं, "बाई, आता कागद कशाला? मशीनमध्ये घाला." त्या वर्षभर एका बोटानं घालत राहिल्या. झालेल्या कार्डांचे गठ्ठे मीच उत्साहानं रद्दीत दिले. विभागप्रमुखांना खोलीत जागा हवी होती.

त्या वर्षी खंडेनवमीला प्रिन्सिपॉलांनी मुख्य मशीनची यथासांग पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ, गेटवर कोहळा फोडला. मग मशीन बंद केलं, केबिनला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला मारून गावी गेले. जाताना म्हणाले, पूजा मी आल्यावरच उठवायची, तोवर कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडे यंत्रालाही दसऱ्याची सुट्टी असते आणि ती ज्यानं पूजा मांडली त्यानंच संपवायची असते. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी तर प्रसाद दोनदा घेतला.

दसऱ्यानंतर सोमवारी ऑफिस उघडलं. मी ऑफिसातलं मशीन चालू केलं. ढग आले आणि राहिले. मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं. बटण दाबून बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा ढग. लायब्ररीत गेले. बाई रजेवर होत्या. तिथलं लावलं, तिथंही ढग. असं मी आळीपाळीनं अकरा वेळा केलं. ऑफिसच्या मशीनवर परीक्षेच्या फॉर्मांची यादी होती आणि ती गुरुवारी विद्यापीठात पोचायची होती. ती गेली असती तर माझी नोकरीही मागोमाग गेली असती. मी मास्तरांना फोन लावला.

"दोन्ही मशीनं अडकलीत," मी म्हटलं.

"काय केलंत?"

"काही केलं नाही."

"हे सगळेच म्हणतात. शेवटचं काय दिसलं?"

"ढग."

"किती वेळ वाट बघितलीत?"

"खूप."

"खूप म्हणजे घड्याळात किती?"

"मास्तर, तुम्ही येणार आहात की नाही?"

"येतो की. दुपारच्या बसनं येतो. तोवर हात लावू नका म्हणजे झालं."

मी फोन आपटला. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि या गृहस्थांना दुपारची बस सुचत होती. शेजारच्या रस्त्यावर एक नवं दुकान निघालं होतं. तिथला इंजिनियर मोटरसायकलवरून दहा मिनिटांत हजर झाला. गॉगल, कमरेला मोबाईल, पाकिटात वीस सीडी. असा माणूस पाहिला की निम्मं बरं वाटतं. त्यानं ढगांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कॉमन प्रॉब्लेम. अर्ध्या तासात कोरं करून देतो."

ऑफिसच्या मशीनला हात लावायची माझी छाती होईना. म्हटलं, आधी लायब्ररीचं करून बघा. ते जमलं तर इकडे या. तिथं काय, पुस्तकांची यादी.

त्यानं विचारलं. त्याला दोष देता येणार नाही, त्यानं स्पष्ट विचारलं. "आतलं पाहिजे काय मॅडम? कॉपी आहे ना?"

"असेल की. बाईंनी फ्लॉपीवर घेतली असेल," मी म्हटलं. फ्लॉपीवर कॉपी कशी घ्यायची हे बाईंना शिकवणं माझं काम होतं. ते मी 'पुढच्या आठवड्यात' या सदरात ठेवलं होतं.

"मग फॉर्मॅट माडलेन्री?"

"माड्री," मी म्हटलं. करा.

अर्ध्या तासानं लायब्ररीतलं मशीन नव्या नवरीसारखं हसत उघडलं. ढग आले आणि गेले. शिपायानं टाळ्या वाजवल्या. मी इंजिनियरसाठी चहा आणि मिरची-भजी मागवली आणि मनात म्हटलं, बघा मास्तर, असं असतं. मग त्याचं जेवण झालं, दुकानातून कसली तरी सीडी यायची राहिली होती, असं करत ऑफिसच्या मशीनपाशी आम्ही पोचेपर्यंत तीन वाजले. आणि दारात स्टीलचा डबा दिसला.

मास्तर आत आले. बसले आणि नोंद ठेवायला सांगून त्यांनी मशीन लावलं. ढग आले. तीन मिनिटं होताच इंजिनियरचा हात सवयीनं पुढे गेला आणि त्यानं बटण दाबलं. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो हात खिशात घातला तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. मग फाईल उघडून वाचन सुरू झालं. निघालं, पोचलं. निघालं, पोचलं. माझ्या डोक्यात गुरुवार वाजत होता. शेवटच्या ओळीवर ते थांबले. वायरीतून बोलणारं जे कार्ड असतं, ते निघालं होतं. पोचल्याची नोंद नव्हती.

"हे बिघडलेलं नाही," मास्तर म्हणाले. "हे लाईन क्लिअर मागतंय. गाडी सोडायच्या आधी आम्ही पुढच्या स्टेशनला विचारायचो, लाईन मोकळी आहे काय म्हणून. उत्तर येईतोवर थांबायचं. याचं पुढचं स्टेशन कुठलं?"

"केबिनमधलं मुख्य मशीन."

"ते चालू आहे?"

मी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं कुलपाकडे पाहिलं. "त्याची पूजा झालीय," मी म्हटलं.

मास्तरांना दम लागेपर्यंत हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "वा. स्टेशनमास्तरला हार घालून देव्हाऱ्यात बसवलाय आणि खाली गाड्या लाईन मागत उभ्या."

"मग आता कुलूप फोडायचं?"

"कशाला फोडायचं? पलीकडून कुणी बोललं नाही म्हणून हे जन्मभर थांबत नाही. काही वेळ वाट बघतं, मग आपल्या वाटेनं पुढं जातं. किती वेळ, ते तुम्ही कुणी बघितलंच नाही. बसा सगळे. हात मांडीखाली घ्या."

आम्ही बसलो. विभागप्रमुख, इंजिनियर आणि शिपाई, तिघंही हात मांडीखाली घेऊन, शिक्षा झाल्यासारखे. मास्तरांनी मशीन पुन्हा लावलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तीन मिनिटं झाली. चौथं मिनिट फारच लांब होतं. पाचवं संपलं, काटा थोडा पुढं सरकला आणि ढग गेले. ऑफिसचं मशीन उघडलं. परीक्षेची यादी जागच्या जागी होती. मला रडू यायचं बाकी होतं. "मास्तर, चहा सांगते," मी म्हटलं.

"सांगा की. आणि दुसरं कुठाय? दोन अडकली म्हणाला होतात."

"ते सकाळीच झालं," इंजिनियर म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "कोरं करून दिलं. आता ढग थांबत नाहीत." थांबणार कसे? नव्यानं घातल्यावर ते वायरच ओळखत नव्हतं, मग ते विचारणार कुणाला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता खणखणीत आवाजात काहीतरी येणार. आलं नाही. ते उठून लायब्ररीत गेले आणि संध्याकाळपर्यंत त्या मशीनसमोर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "वरून नवं लिहिलं गेलंय. काही राहिलं नाही." त्यांचा चहा ऑफिसात तसाच होता.

बाईंकडे आम्ही दोघं गेलो. मी सांगितलं. म्हणजे, मशीन अडकलं होतं, दुरुस्त करताना यादी गेली, असं सांगितलं. तुम्ही कॉपी घेतली असेल असं वाटलं, हेही घातलं. बाई गवार मोडत होत्या. त्या म्हणाल्या, "कॉपी म्हणजे त्या काळ्या चौकोनी तबकडीवर ना? ती तुम्ही मला द्यायची राहिली होती." मग हात धुऊन आल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस मोजले. दिवाळीला एकोणीस दिवस होते. "पुस्तकं तर जागेवर आहेत," त्या म्हणाल्या. "उद्यापासून लागू."

सतरा दिवस मास्तर रोज हुबळीहून आले. कॉलेजनं बोलावलं नव्हतं, पैसे कुणी देणार नव्हतं. बाई शिडीवर चढून पुस्तक खाली देत, मास्तर पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचत, मी टाईप करत होते. "चि. कुसुमला, मॅट्रिक पास झाल्याबद्दल, काकांकडून, हुबळी." "सौ. वहिनींस, बाळंतपणात वाचायला." "हे पुस्तक नेऊन परत न देणाऱ्याची परीक्षा नापास होवो." एकावर नुसतं, "तुला आवडलं नाही तरी ठेव." मास्तर प्रत्येक ओळ त्याच सुरात वाचत. माझी बोटं तेव्हा वेगानं चालायला शिकली. एरवी मला हसू आलं असतं. त्या खोलीत आलं नाही.

चौदाशे आणि काही पुस्तकं झाली. यादी गेली, टेम्पो आला, यादीतली पुस्तकं चढली. यादीत नसलेलं एकही घ्यायचं नाही, असं त्यांच्या माणसाला सांगितलेलं होतं आणि तो सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. बाईंनी त्याला दोनदा विनवलं. उरलेली सहा-सातशे खोलीत राहिली. लॅबची टेबलं पुढच्या सोमवारी येणार होती, म्हणून शनिवारी रद्दीवाला आला.

मास्तर त्याही दिवशी आले. तराजूशेजारी उभे राहिले आणि काट्यावर जाणारं प्रत्येक पुस्तक उघडून पहिलं पान वाचायला लागले. टाईप करायला कुणी नव्हतं. रद्दीवाला थोडा वेळ थांबला, मग त्यानं बाईंना विचारलं, "इवरु एन ओदाकत्तारी?" हे काय वाचताहेत? पंचवीस-तीस पुस्तकं झाल्यावर बाई म्हणाल्या, "पुरे आता मास्तर. त्याला उशीर होतोय." मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि स्वतःच काट्यावर ठेवलं.

दुपारी प्रिन्सिपॉलांनी फाईलला लावायला चार ओळींचा रिपोर्ट मागितला. मी केला. 'लायब्ररीतील मशीन अचानक बिघडल्यामुळे मराठी विभागाची यादी नष्ट झाली. उर्वरित जीर्ण पुस्तकं निकालात काढण्यात आली.' प्रिंट निघाली तेव्हा मास्तर डबा घ्यायला ऑफिसात आले होते. त्यांनी कागद उचलला आणि भिंग लावून वाचला. मोठ्यानं नाही. मनातल्या मनात.

"अक्का," ते म्हणाले, "चुका सगळ्यांच्या होतात. माझ्या हातूनही झाल्यात, त्या वहीत लिहिलेल्या आहेत. पण वहीत खोटं लिहिलं की पुढच्या माणसानं कुठून शोधायचं?"

"प्रिन्सिपॉलांना कळलं तर माझी नोकरी जाईल मास्तर."

"जाईल की," ते म्हणाले. त्यांनी कागद जिथं होता तिथं ठेवला आणि गेले. त्यानंतर मी फोन केला की त्यांच्या पत्नी उचलायच्या आणि ते घरी नाहीत म्हणून सांगायच्या. मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

माझी नोकरी गेली नाही. लॅब झाली, मी तिथं वीस वर्षं शिकवलं, विभागात माझ्या हाताखाली चारजण आले. बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पेन दिलं. त्यांना शेवटपर्यंत मशीनच बिघडलं असं वाटत होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. मास्तर गेल्याचं मला वर्षभरानं कळलं. कोप्पीकर रोडवरच्या त्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

तो रिपोर्ट अजून फाईलला आहे, खाली माझी सही आहे. तो चुकीचा आहे. मशीन बिघडलं नव्हतं. मी तीन मिनिटं थांबले, त्याला पाच हवी होती, आणि करा असं मी म्हटलं.